वरून घातलेलं पाणी

मंडळी, सकाळपासून स्वतःचीच लाज वाटून राहिली, म्हणून लिहितो.

आमच्या लातुरात नळाला पाणी आठ दिवसांतून एकदा. त्यात लॉकडाऊनमुळं टँकरही बंद. म्हणून अख्ख्या गल्लीला आमच्या बोअरचं पाणी देतोय. अंगणात चुन्यानं गोल आखलेत. एकेकानं यायचं, तोटीखाली घागर भरायची अन् जायचं. लई मोठं काम करून राहिलो, अशी ऐट होती माझी.

आज रमाकाकू आल्या. गल्लीतलं एकुलतं बौद्ध घर त्यांचं. मी पटकन म्हणालो, "काकू, घागर खाली ठेवून मागं सरका. मी पाइपानं वरून घालतो."

त्या सरकल्या. भरलेली घागर उचलताना हळूच म्हणाल्या, "गावाकडं माझ्या आईला बी असंच वरून घालायचे, बाबा."

"काकू, कोरोनामुळं हो! दुसरं काय न्हाई."

"हाव," म्हणाल्या अन् गेल्या.

बायको दारातून बघत होती. म्हणाली, "मग बाकीच्यांना तोटीला हात कसा लावू दिला तुम्ही?"

कोरोना तर काल-परवा आला हो. वरून पाणी घालायचं माझ्या हाताला कुणी शिकवलं?