मानसीताई आणि झेंडूच्या पाकळ्या

मानसीताईला हाक मारली की ती लगेच ओ द्यायची नाही. लोअर परळच्या आमच्या ऑफिसात सगळे एकदम तिच्या नावाने ओरडत असायचे. ती हातातली ओळ पूर्ण करायची, मग मान वर करून म्हणायची, "हां, आता बोला. एकेकाने." सुरुवातीला मला ती भलतीच शिष्ट वाटली होती.

मी तेव्हा नवी, नोकरी अजून कच्ची. दादरच्या एका साडीवाल्याची वेबसाइट माझ्याकडे आली. पान सरकवलं की झेंडूच्या पाकळ्या खाली येत साडीच्या काठावर विसावायच्या. माझ्या लॅपटॉपवर काय झकास दिसायचं! साडीवाल्याच्या फोनवर मात्र सगळं जागीच थिजलं. सोमवारपर्यंत जमलं नाही तर काम काढून घेतो, असं त्याने साहेबांना बजावलं. कामाबरोबर मीही जाणार, हे उघड होतं.

मानसीताईने कोड पाहिला आणि खो खो हसत सुटली. "अगं बाई, बोट जरा हललं की ब्राउझर हाक मारतो, आणि तू दर हाकेला सगळ्या पाकळ्यांच्या जागा नव्याने काढतेस! दमेल नाहीतर काय तो फोन? थोड्या थोड्या वेळाने एकदाच काढ, मधल्या हाका सोडून दे." मी तसं केलं.

रविवारी तिने मला डिलाईल रोडला आपल्या चाळीत नेलं. तिचा शिरस्ताच होता. गॅलरीत पाट मांडायचा, शेजाऱ्यांचे जुने, तडकलेले फोन गोळा करायचे. त्यांच्यावर चाललं तरच काम पास. शेजारच्या मालवणी परबकाकूंनी एका फोनवर बोट फिरवलं. पान सरसर चाललं! मी उडीच मारणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "गो मानसी, ह्या फूल मधीच कित्याक लटाकला?" खरंच, पाकळ्या काठाच्या बोटभर वर लोंबकळत होत्या.

"मधल्या हाका सोड गं," मानसीताई म्हणाली, "पण तू शेवटचीही सोडलीस. बोट जिथे थांबलं, तिथे एकदा बघायलाच हवं ना!" तिथेच पाटाशी बसून मी दुरुस्ती केली. काकूंनी पुन्हा बोट फिरवलं. पाकळ्या अलगद काठावर टेकल्या आणि अख्ख्या गॅलरीने टाळ्या पिटल्या. मला तर रडूच कोसळलं.

साडीवाला खूश झाला, माझी नोकरी पक्की झाली. गेल्या वर्षी मानसीताई बंगळुरूला गेली. जाताना काकूंना सांगून गेली, "ही येत जाईल, हिला फोन देत जा." त्यामुळे मी अजून प्रत्येक नवं काम घेऊन चाळीत जाते. काकू हात पदराला पुसत फोन काढतात आणि विचारतात, "ये गो, आज काय मोडून आणलंस?"