रामदयालच्या राखेतला कोळसा

"ये कोयला किधर से आया?" फोरमन साहेबांनी विचारलं.

राखेच्या खड्ड्याच्या काठावर पोरं उभी होती. सगळ्यांत पुढे बिसन. वय सतराच्या आसपास, अंगावर राखेचा थर, हातात घमेलं. घमेल्यात मुठीएवढाले कोळशाचे खडे.

"रामदयाल भाऊच्या इंजनातला हाये जी," बिसन म्हणाला.

"लय देवमानूस," मागून त्याची बहीण फुलन बोलली. "बाकीच्यायच्या राखेत काईच नाई रायत. रामदयाल भाऊ आला का घमेलं भरते."

"सबसे अच्छा फायरमन, साब!" एक बारका ओरडला. बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या.

पोरं जितकी स्तुती करत होती तितका रामदयाल खड्ड्यात चालला होता, आणि त्याच्यामागे मी.

हे नीट कळायचं तर आमचं काम थोडं सांगावं लागेल. मी गोंदियाला छोट्या लाईनच्या लोकोशेडात चार्जमन होतो. म्हणजे फोरमनच्या खालचा. कोणतं इंजिन कोण नेणार, आलेल्या इंजिनाची अवस्था काय, कोणता फायरमन कसं काम करतो, हे पाहणं माझ्याकडे. फायरमन म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा. हे काम दिसतं हमालीचं, पण तसं नाही. चांगला फायरमन थोडा थोडा कोळसा पातळ पसरून टाकतो. शेड जवळ आलं की हात आखडतो आणि आग उतरवत आणतो. मग खड्ड्यावर भट्टी रिकामी केली की खाली नुसती राख पडते. कच्चा फायरमन शेवटपर्यंत भट्टी ठासून भरतो. त्याची आग खड्ड्यात पडते तेव्हा निम्मा कोळसा जळायचाच असतो.

रामदयाल छत्तीसगडचा. माणूस लाखात एक, फायरमन मात्र आमच्या शेडातला सगळ्यांत वाईट. बालाघाटकडच्या चढावर एकदा त्याच्या इंजिनाची वाफ बसली होती आणि गाडी अडकली होती. ड्रायव्हरनं त्याला सगळ्या प्रवाशांसमोर शिव्या घातल्या. तेव्हापासून त्याला वाफेची धास्तीच बसली. शेडाचा सिग्नल दिसत असतानाही हा फावडं मारतच असायचा. मी म्हणायचो, "रामदयाल, अब बस कर, घर आ गया." तो म्हणायचा, "बाबूजी, दो फावड़ा और. क्या भरोसा."

आणि त्या 'दो फावड़ा और'वर यार्डामागच्या वस्तीतल्या चुली पेटायच्या. पोरं खड्ड्यातून अर्धजळका कोळसा वेचायची, पाण्यानं विझवायची. थोडा घरी जायचा, बाकीचा हलवायाकडे विकला जायचा. वेचायला कुणाची बंदी नव्हती. रेल्वे कंपनीच्या लेखी ती राखच होती. रामदयालचं इंजिन दिसलं की पोरं रुळाकडेनं पळत यायची, "आला रे आला" करत. नवरदेवाचीही कुणी अशी वाट पाहत नसेल. त्या बिचाऱ्याला वाटायचं पोरांचा आपल्यावर जीव आहे. जीव होताच. कारण मात्र त्याला माहीत नव्हतं.

या पोरांना 'राखडे' म्हणत. हा शब्द मी काढला. कुणी आठवण करून द्यायची गरज नाही, मला तो दिवसही आठवतो. नवा क्लार्क विचारत होता, ही कोणाची पोरं? मी म्हणालो, "कोणाची नाहीत, राखेतून उगवलेली आहेत. राखडे." सगळे हसले. मला बरं वाटलं. मग शेडात सगळेच म्हणू लागले. शेडातून शब्द बाजारात गेला. किराणा दुकानदार फुलनला म्हणायचा, "ए राखडी, लांब उभी राह, पिठाला हात लावू नको." शाळेच्या मास्तरांनी बिसनच्या धाकट्या भावाला दारातून परत पाठवलं, म्हणे राखड्यांना अक्षर कशाला. शब्द एवढा हलका होता की तो इतका लांब जाईल असं मला वाटलं नव्हतं. हलकी गोष्टच वाऱ्यावर लांब जाते, हे रोज राख पाहणाऱ्याला कळायला हवं होतं.

बिसन चौथी पास होता. बाप दवनीवाड्याकडे दुसऱ्याच्या धानात राबायचा, तो गेल्यावर आई पोरांना घेऊन गोंदियात आली. बिसननं शेडात क्लीनरच्या जागेसाठी अर्ज केला होता. क्लीनर म्हणजे इंजिन पुसणारा. हुद्दा अगदी खालचा, पण क्लीनरचाच पुढे फायरमन होतो आणि फायरमनचा ड्रायव्हर. त्या अर्जासाठी रामदयाल माझ्यामागे लागला होता. "लड़का हीरा है बाबूजी." मी हो म्हटलं होतं. साहेबांची सही तेवढी राहिली होती.

तेवढ्यात महायुद्धामुळे कोळशाची ओढाताण सुरू झाली. आमच्या शेडात कोळसा जास्त लागतो म्हणून वरून विचारणा आली. साहेबांनी मला बोलावलं. मी काही न तपासता तिथल्या तिथे उत्तर दिलं, "राखडे चुराते हैं, सर. ढेर में से." चोरी कुणी पाहिली नव्हती. शेडातल्या कोळशाच्या ढिगाला कुंपण होतं, चौकीदार होता. पण 'राखडे' म्हटलं की पुढे पुरावा लागत नाही, एवढी त्या शब्दाची तोवर पत झाली होती.

साहेब म्हणाले, "चलो, देखते हैं." म्हणून आम्ही खड्ड्यावर आलो, आणि पोरांनी रामदयालचा जयजयकार केला.

साहेब स्वतः फायरमनकीतून वर आलेले. त्यांनी घमेल्यातला एक खडा उचलला, बोटानं दाबला. ढिगातला कोळसा काळा चकचकीत, धारदार असतो. हा करडा होता, सच्छिद्र, अजून कोमट. त्यांना सगळं कळलं.

"रामदयाल को बुलाओ."

रामदयाल हात पुसत आला. पोरांकडे पाहून हसला. साहेबांनी त्याच्यासमोर खडा धरला. "ये तुम्हारा फायरिंग है? रिव्हर्ट कर दूँगा. क्लीनर बनेगा फिर से."

रिव्हर्ट म्हणजे पुन्हा खालच्या हुद्द्यावर. रामदयालला चार मुली होत्या.

पोरांच्या टाळ्या थांबल्या. फुलन दबक्या आवाजात भावाला म्हणाली, "काऊन रे, का झालं? आपण तं चांगलंच बोललो." बिसननं एकदा रामदयालकडे पाहिलं, एकदा घमेल्याकडे. मग पुढे आला.

"साहेब, म्या खोटं बोललो. हा कोळसा ढिगातला हाये. म्याच उचलला."

"बिसन!" फुलन ओरडली. "कायले असं बोलून राह्यला?"

"तू चूप राय."

साहेब त्याच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळले. "चार्जमन, क्रू तुम्हारा है. तुम बोलो. चोरी या फायरिंग?"

हा प्रश्न साहेबांनी मला सरळ विचारला होता. उत्तर त्यांच्या हातातच होतं, तरी त्यांनी ते माझ्या तोंडून मागितलं. मी फायरिंग म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग इतके दिवस तुम्ही काय पाहत होता? मी म्हणालो, "चोरी, सर."

साहेबांनी खडा खड्ड्यात टाकला. "ठीक है."

बिसनचा अर्ज त्याच दिवशी रद्द झाला. खड्ड्याभोवती तारेचं कुंपण आलं. रामदयाल वाचला. तो माझ्याकडे आला, डोळे लाल. "बाबूजी, मैं साहब को सच बोल देता हूँ. लड़के की नौकरी गई." मी त्याला म्हणालो, "चार लड़कियाँ हैं तेरी. चुपचाप घर जा." त्या वेळी मला वाटलं मी त्याच्यावर उपकार करतो आहे. त्यानं माझं ऐकलं, पण स्वस्थ बसला नाही. ड्यूटी संपली की तो बिसनच्या घरी जाऊ लागला. शेवटी फुलचूरच्या बाजूला एका राईस मिलच्या बॉयलरवर त्यानं बिसनला लावून दिलं. स्वतःला जे जमलं नाही ते त्याला शिकवत बसायचा: हात आखड, पातळ टाक, घाबरू नको. गंमत म्हणजे शिकवता शिकवता रामदयालची स्वतःची आगही सुधारली. पुढे त्याच्या राखेत काही सापडेना. तारेबाहेरून पोरं त्याला म्हणायची, "भाऊ, बिघडले तुमी."

आमच्या शेडातले जुने लोक अजून सांगतात की लढाईच्या काळात राखड्यांनी कोळशाचा ढीग लुटला होता. ते खरं नाही. एक खडाही चोरीला गेला नव्हता. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं, आता लिहून ठेवतो.

निवृत्त झाल्यावर एकदा मिलवर गेलो. बिसन आता बॉयलरचा मुख्य माणूस. केस पिकलेले, अंग तेच. बाहेर राखेच्या ढिगावर चार-पाच पोरं वेचत होती. बिसन दिसताच एक पोरगी ओरडली, "कंजूस आला रे!"

मी चमकून पाहिलं. बिसन मोठ्यानं हसला. "मलेच म्हनते जी. माह्या राखेत काई भेटत नाई ना त्यायले. म्या आग लय नीट लावतो."

"राग नाही येत?"

"मालकाचं तोंड पाहू का पोरायचं? मंग जाता जाता दोन फावडे तसेच टाकतो. रामदयाल भाऊच्या नावानं."

मी सगळं बोलून टाकलं. साहेबांचा प्रश्न, माझं उत्तर, रामदयालला गप्प बसवलेलं. तो भट्टीच्या दाराकडे पाहत ऐकत होता. मग म्हणाला, "चोरीचं का घेऊन बसले बाबूजी? चोर तं म्याच म्हनलो, माह्या मनानं. त्याचं मले काई नाई. तुमी राखडे म्हनत होते ना, ते लागे. फुलनले तं लय लागे. तिचं लगन जमून राह्यलं होतं, तं पावने इचारे, राखड्यायची पोरगी का?"

"मग?"

"मंग का? झालं लगन. आता नातू हाये तिले. या ना एखाद्या दिवशी. शिव्या देईल, पन जेवाले घालंल."

मी गेलो. तिनं दोन्ही केलं. भात वाढताना म्हणाली, "तुमाले आमच्यातल्या कितीजनायची नावं ठाव होती जी?" मला दोनच आठवली. तिचं आणि बिसनचं. शेडातल्या प्रत्येक इंजिनाचा नंबर मला आजही पाठ आहे. तिनं बाकीची नावं सांगितली, एकेक करून, आणि मी जेवत जेवत ऐकली.

नव्या चार्जमनला मी एकच सांगतो. कोळसा कमी पडला तर आधी भट्टीचं दार उघडून पाहा. कुंपणाबाहेर कोण उभं आहे ते नंतर.