भूलवाल्या बाईंच्या थापडा

भूल देणाऱ्या आमच्या बाई पेशंटला जागं ठेवायच्या ते थापडा मारून. फाडफाड, दोन्ही गालांवर! मुलुंडच्या त्या नर्सिंग होममध्ये मी सिस्टर होते. ऑपरेशननंतर पेशंट डोळे उघडून नाव सांगू लागला, तरी बाई स्टूल ओढून त्याच्या उशाशी बसायच्या आणि त्याला डुलकी लागू द्यायच्या नाहीत. एकदा एक मालवणी आजोबा कळवळून म्हणाले, "बाये, माका जरा निजांदे गो." बाई म्हणाल्या, "घरी जाऊन निजा. इथे श्वास घ्या!"

"ड्रिप बंद केली म्हणजे औषध उतरलं असं समजतो, तो गाढव," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ड्रिपमधलं पेथिडिन, म्हणजे दुखणं मारणारं गुंगीचं औषध, थोडा वेळ चाललं तर लवकर उतरतं, तासन्‌तास चाललं तर अंगात मुरतं. "नळ बंद केला म्हणून भिजलेली गोधडी वाळते का गं?" माणूस चांगला बोलतो, आणि एकटा झोपू दिला की श्वास घ्यायचाच विसरतो. सर्जन टेबल रिकामं करा म्हणून ओरडायचे. बाई ढिम्म. "घाई असेल तर स्मशानात पाठवा, तिथे जागा आहे." अस्सं तोंड! आयाबाया त्यांना कैदाशीण म्हणायच्या. माझा मात्र भारी जीव होता त्यांच्यावर. शिव्या घालून झाल्या की डब्यातली सुरमई माझ्याच ताटात वाढायच्या.

मग बाईंच्याच आतड्याचं ऑपरेशन निघालं. भूल दिली ती त्यांनीच शिकवलेल्या डॉक्टरने. ऑपरेशन लांबलं, पेथिडिनची ड्रिप चालूच राहिली. ती बंद केल्यावर बाईंनी डोळे उघडले आणि त्यालाच झापलं, "सुई वाकडी लावलीस, मूर्खा!" सगळे खूश. बाई शिव्या देतायत म्हणजे बाई ठणठणीत! खोलीत नेल्यावर त्यांचे डोळे मिटू लागले, पण हलवायला कुणी धजेना. बाईंच्या गालाला हात कोण लावणार? डॉक्टरने दारातूनच दोनदा "मॅडम, मॅडम" केलं आणि तो पुढच्या केसला पळाला.

मी दुपारच्या ड्यूटीवर आले ती थेट त्यांच्या खोलीत शिरले. त्यांचे यजमान वर्तमानपत्राने वारा घालत बसले होते. ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "हळू, सिस्टर. मघाशी कण्हत होती, आता कुठे गाढ झोप लागलीय."

बाईंचे ओठ निळे पडले होते. मी थापडा मारल्या, ओरडले, डॉक्टर धावत आला, छाती दाबली. काही उपयोग झाला नाही. यजमान भिंतीला टेकून प्रत्येकाला तेच सांगत होते, "मी इथेच होतो हो. तिची झोप मोडू नये म्हणून माशीसुद्धा बसू दिली नाही."