ताईची रेघ

त्या दिवसाचा धक्का अजून उतरलेला नाही. दोष माझाच, म्हणून तो उतरावा असंही वाटत नाही.

आम्ही दोघं भावंडं एकाच कॅनव्हासवर चित्र काढतो. रेघ ताईची, रंग माझा. ताई चित्रकलेची निवृत्त शिक्षिका, बदलापूरला शिरगावात राहते. मी उल्हासनगरला, नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात. रविवारी तिच्याकडे जायचं, जेवायचं, भांडायचं आणि चित्र काढायचं. चित्रं आम्ही विकत नाही. कुणाच्या औषधपाण्यासाठी, कुठल्या वसतिगृहासाठी, जो मागेल त्याला देऊन टाकतो. लहानपणापासून नियम एकच. रंग रेघेबाहेर गेला की ताईची टपली. माझी पन्नाशी उलटली तरी ती मारते.

दोनेक वर्षांपूर्वी तिची रेघ हलायला लागली. झाडाच्या बुंध्याला, घराच्या कौलांना बारीक लाटा. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल, वय झालं. जिनं जन्मभर फळ्यावर पट्टीशिवाय सरळ रेघा मारल्या, तिला हे सांगणार कोण? दिवसभर तोंड पाडून बसली असती. मग ती चहा टाकायला आत गेली की मी रंग भरता भरता तिची रेघ गुपचूप सरळ करायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिला स्वतःला कधी कोळशाची रेघ वाकडी दिसलीच, तर ती कॅनव्हासच्या खरखरीतपणावर ढकलायची, कारण पुरं झालेलं चित्र नेहमी सरळच असायचं. आमचा सिंधी फ्रेमवाला तर दरवेळी म्हणायचा, "दीदी का हाथ अभी भी एकदम सीधा है, साहब." ताई खूश व्हायची. मीही स्वतःवर खूश असायचो, गाढवासारखा.

मग सोनिवलीजवळच्या एका शाळेनं बोलावलं. ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा. त्यांना भिंतीवर चित्र हवं होतं, आणि ते काढताना मुलांनीही शिकावं अशी इच्छा होती. ताईनं बारवी धरण काढायचं ठरवलं. मुलांना कागद आणि खडू वाटले. तिथल्या बाईंनी खुणांनी सांगितलं, या काढतील ते नीट बघा आणि तस्संच काढा.

ताईनं कोळसा घेतला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत धरणाचा बांध ओढला. मी मागे रंग कालवत बसलो होतो.

मुलांनी कागद वर धरले. एकूण एक कागदावर बांध थरथरत होता. पुढच्या एका मुलीनं तर जिभेचं टोक बाहेर काढून एकेक लाट जशीच्या तशी उतरवली होती. त्यात टवाळी नव्हती. पोरांनी दिसलं ते काढलं होतं.

ताई हसत त्या मुलीजवळ गेली आणि बोटानं हवेत आडवी रेघ ओढून दाखवली, अशी सरळ काढ. मुलीनं मानेनं नाही म्हटलं आणि भिंतीकडे बोट केलं.

ताई वळली. आधी भिंत पाहिली, मग कागद पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. मी रंगाच्या डब्यात तोंड खुपसून होतो.

"आपली चित्रं सरळ असतात ती तू करतोस म्हणून?"

"हो."

"कधीपासून?"

पहिली लाट दिसली तेव्हाच तोंड उघडलं असतं, तर ती तेव्हाच डॉक्टरकडे गेली असती. तिचा हात दोन वर्षं ओरडून सांगत होता आणि मी त्याच्या तोंडावर रंग फासत होतो. तिनं टपली मारावी असं फार वाटलं. तिनं मारली नाही.

मी बोळा घेऊन रेघ पुसायला गेलो, तर म्हणाली, "हात लावू नकोस. आहे तिथपर्यंतच रंग भर." मी भरला. आयुष्यात इतकं अवघड काम केलं नाही.

त्या आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्याकडून कागदावर गोल काढून घेतले, बराच वेळ ते पाहिले आणि विचारलं, "हात थरथरायला सुरुवात कधी झाली?"

ताईनं उजवा हात डाव्या हातात धरून ठेवला होता. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ते याला विचारा. मला परवाच कळलं."