भिंतीपल्याड जाईल असा रिसीव्हर

आमच्या दुकानात माल कमी आणि किस्से जास्त. केडगावात पुणे रोडला माझं टीव्ही आणि साऊंड सिस्टिमचं दुकान आहे. माल निदान विकला तरी जातो, किस्से मात्र साचत राहतात, कारण होम थिएटर घेणारा माणूस एका फेरीत कधीच घेत नाही. आधी नुसता बघायला येतो. मग मेहुण्याला घेऊन येतो. मग मेहुण्यानं मोबाईलवरून काढलेल्या शंका घेऊन येतो. तोवर चार चहा होतात आणि त्यांच्या घरातलं सगळं मला कळून चुकतं. आमची बायको म्हणते, "तुम्ही रिसीव्हर विकता का सोयरिकी जुळवता?"

रिसीव्हर म्हणजे होम थिएटरचा कारभारी. टीव्ही, डिश, पेन ड्राइव्ह, सगळ्यांचा आवाज आधी याच्याकडे येतो आणि कुठल्या स्पीकरला किती द्यायचा ते हा ठरवतो. निवडायचा तर आधी खोली बघावी, स्पीकर बघावेत. पण ऐकतो कोण? एका सरांनी चांगला वाजणारा रिसीव्हर परत पाठवला, का तर तो सोफ्याला मॅच होत नव्हता. एका डॉक्टरांनी सगळ्यात जास्त बटणं असलेला नेला आणि आजवर त्यातलं एकच बटण दाबलंय, चालू-बंदचं.

पण या सगळ्यांवर कडी केली ती अप्पांनी.

०

होम थिएटर घेणारा प्रत्येक जण मला विचारतो, शेजाऱ्यांना त्रास नाही ना होणार? अप्पा पहिल्यांदा दुकानात आले, खुर्चीत बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "शेजाऱ्याला तरास व्हईल का?"

मला वाटलं, सज्जन माणूस आहे. म्हणालो, "अजिबात नाही अप्पा. एकदम बॅलन्स आवाज."

अप्पांनी टोपी डोक्यावर चढवली आणि उठले. "मंग काय उपेग? दुसरीकडं बघतो."

मी घाईघाईनं परत बसवलं. चहा मागवला. मग हळूहळू उलगडा झाला. शेजारी म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ, नाना. वाटणी झाली तेव्हा घराच्या मधोमध भिंत घातली, तरी दोघांचं चांगलं चाललं होतं. बिघडलं ते नानांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवरून. स्वागतोत्सुक मंडळींमध्ये अप्पांचं नाव छापलं गेलं नानांच्या साडूच्या खाली. सख्खा भाऊ, आणि साडूच्या खाली! अप्पांनी अक्षता टाकल्या आणि न जेवता घरी आले. तेव्हापासून बोलणं बंद. चूक छापखान्याची होती असं नानांनी कधी सांगितलं नाही, आणि कुणाची होती असं अप्पांनी कधी विचारलं नाही.

बोलणं बंद असलं तरी बोअर दोघांत एकच. मग निरोप कसे जातात? म्हशीमार्फत. मोटर दुरुस्तीला काढायची असली की नाना गोठ्यात जाऊन आपल्या म्हशीला मोठ्यानं सांगतात, "उद्या पानी न्हाई बरं का, आजच पिऊन घे." भिंतीपलीकडे अप्पा लगेच पिंप भरायला घेतात. अप्पांना काही कळवायचं असलं की ते त्यांच्या म्हशीला सांगतात. दोन्ही म्हशींना गावातलं सगळं राजकारण पाठ असणार.

"तर शेठ," अप्पा म्हणाले, "आवाज भिंतीच्या पल्याड गेला पायजे. बाकी तुमी ठरवा."

०

या मागणीमागचा अर्थ मला कळला तो मंगलवहिनींमुळे. अप्पांच्या मंडळी. दुसऱ्या खेपेला त्या बरोबर आल्या होत्या. अप्पा फोनवर बोलायला बाहेर गेले, तसं त्या मला म्हणाल्या, "भावजी, यांना थेटर-बिटर काई नको हाय. यांना भांडण पायजे. आवाज मोठा झाला म्हणून भांडायला तरी नानाभावजींनी आमच्या दारात यावं, एवढंच मनात हाय. पोराचं लग्न तोंडावर आलंय. थोरला भाऊ मांडवात नसला तर हे उभे कसे राहतील?"

मी म्हणालो, "मग अप्पांनीच जावं की."

"आन् पत्रिकेचं?" वहिनी म्हणाल्या, आणि अप्पा आत आले म्हणून फॅनकडे बघायला लागल्या.

मी धंदेवाला माणूस, पण खरं सांगतो, त्या दिवशी वाईट वाटलं. आजवर कुणाला चित्रासाठी विकलं, कुणाला गाण्यासाठी, कुणाला जावयासाठी. भाऊ दारात यावा म्हणून रिसीव्हर विकायची ही पहिलीच वेळ.

०

निवडताना सगळे सोफ्यावर बसून ऐकतात. अप्पा म्हणाले, "मी हितं बसून काय करू? मला पल्याडचं ऐकायचंय." आणि सरळ शेजारच्या मेडिकलमध्ये जाऊन बसले.

आमची आणि मेडिकलची भिंत एक. मी एकेक रिसीव्हर लावायचो, आणि माझा पार्टनर सलीमभाई दारात उभा राहून मेडिकलमधला निकाल सांगायचा. पहिला लावला. "अप्पा म्हणतात, शेजारी घोरत पडलाय." दुसरा लावला. "अप्पा म्हणतात, कूस बदलली." तिसऱ्याला मेडिकलवाले स्वतःच बाहेर आले. त्यांच्या कफ सिरपच्या बाटल्या फळीवरून पुढं सरकायला लागल्या होत्या.

त्यांच्या मागून अप्पा आले, प्रसन्न चेहऱ्यानं. "हाच पॅक करा."

पुढे मेडिकलवाल्यांनी दुकानाच्या मधल्या भिंतीला थर्माकोल लावून घेतला. आमच्याशी बोलतात अजून.

०

अप्पांच्या घरी स्पीकर कुठे लावायचे यावरून मात्र खडाजंगी झाली. अप्पांना सगळेच्या सगळे नानांच्या भिंतीवर पाहिजे होते. सलीमभाईनं समजावलं, "अप्पा, ह्याला सराऊंड म्हणत्यात. चारी बाजूंनी आवाज यायला पायजे."

"चारी बाजूंनी कशाला?" अप्पा म्हणाले. "भाऊ एकाच बाजूला हाय."

शेवटी तडजोड झाली. टीव्ही समोरच्या भिंतीला, आणि मागचे दोन्ही स्पीकर नानांच्या भिंतीवर. कंपनीच्या पुस्तकात मागचे स्पीकर माणसाच्या कानाच्या उंचीला लावा असं लिहिलंय. अप्पांनी ते मान्य केलं, फक्त कोणाचे कान ते त्यांच्या डोक्यात वेगळं होतं.

०

नवीन रिसीव्हर खोली मोजतो. बरोबर छोटा माईक येतो, तो सोफ्यावर ठेवायचा. मग रिसीव्हर एकेका स्पीकरमधून सूं सूं आवाज सोडतो आणि ऐकतो. तेवढा वेळ चिडीचूप लागते.

वहिनींनी कुकर उतरवला. पंखा बंद केला. आम्ही श्वास धरून बसलो. पहिलं सूं झालं आणि पलीकडून नानांची म्हैस हंबरली. टीव्हीवर पाटी आली, खोलीत फार गोंगाट आहे, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा केला. म्हैस पुन्हा. मशीन बिचारं म्हशीलाच स्पीकर समजून मोजायला लागलं.

सलीमभाई म्हणाला, "नानांना सांगून येऊ का?"

"नको," अप्पा म्हणाले. गोठ्यात गेले आणि आपल्या म्हशीला मोठ्यानं म्हणाले, "जरा वेळ शांत ऱ्हावा लागंल बरं का. मशीन बसवायचं चाललंय."

आम्ही वाट बघत बसलो. भिंतीपलीकडे साखळी वाजली. खिडकीतून पाहिलं तर नाना म्हशीला घेऊन ओढ्याच्या वाटेला लागले होते. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

०

उद्घाटन संध्याकाळी झालं. मारामारीचा पिक्चर, आवाज जवळजवळ शेवटपर्यंत. पहिल्या पाच मिनिटांत समोरच्या गल्लीतले आले. मग मागच्या सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांच्या घरात बाळ झोपलं होतं, ते बाळालाच घेऊन आले. मग एक गृहस्थ मोटरसायकलवरून आले, ते कुठून आले हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. वहिनी सगळ्यांना चहा देत माफी मागत होत्या.

आले नाहीत फक्त नाना.

अप्पांनी पिक्चर पाहिलाच नाही. ते सोफ्यावर टीव्हीकडे पाठ करून बसले होते, दाराकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी दुकानात आले. "रिसीव्हर कमी पडतोय. याच्यावरचा द्या."

"अप्पा, याच्यावरचा लावला तर गिलावा पडेल."

"पडू द्या." मग वेगळ्याच आवाजात म्हणाले, "शेठ, नानांचे कान तर गेले नसतील ना? वय झालंय. घरात कोनी बघत असंल का त्यांच्याकडं?"

०

मला चौकशीला पाठवलं. डिशचं काम आहे का, असा बहाणा करून नानांकडे गेलो. मधल्या भिंतीला लागून खाट टाकलेली, तिच्यावर बसून नाना शेंगा फोडत होते. मी गेटच्या बाहेरच होतो तर म्हणाले, "गाडीची चैन ढिली झालीय तुमच्या. कवाधरनं वाजतीय."

कान माझ्यापेक्षा शाबूत. मी चहा प्यायलो, शेंगा खाल्ल्या, आवाजाचा विषय काढून पाहिला. नाना म्हणाले, "शेंगा घ्या अजून."

कान ठणठणीत आहेत हे अप्पांना सांगितलं. खरं तर आनंद व्हायला पाहिजे होता. पण अप्पांचा चेहरा उतरला. बहिरा भाऊ आला नसता तर त्यात भावाचा दोष नव्हता. आता ऐकून न येणारा भाऊ होता. काउंटरवरच्या काचेवर बोट फिरवत म्हणाले, "काढून न्या ते. मला नको."

०

मी काही लगेच गेलो नाही. राग उतरेल म्हटलं. वहिनींचा फोन आला, हे आता आवाज कमी करून बघतात, मागच्या एका स्पीकरची वायरच उपटून टाकलीय, जेवण कमी झालंय, पत्रिका छापायला टाकायची तर विषय काढू देत नाहीत. मग रविवारी दुपारी मी आणि सलीमभाई टेम्पो घेऊन गेलो.

सलीमभाईनं समोरचे स्पीकर उतरवले. मी रिसीव्हरच्या मागच्या वायरी सोडवत होतो. अप्पा बाजूला उभे, मदतही करत नव्हते आणि थांबा असंही म्हणत नव्हते.

इतक्यात वहिनींनी एकदम पदर डोक्यावर ओढला आणि भिंतीला सरकल्या. मी मान वर केली. दारात नाना उभे. चपला बाहेर काढलेल्या.

नानांनी आधी टेम्पोकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या वायरींकडे, मग खोलीच्या मागच्या कोपऱ्याकडे. अप्पांकडे मात्र नाही.

"समदं काढायची काय गरज हाय?" नाना म्हणाले. "आमच्या खाटंकडचा तेवढा परवापासनं बंद हाय. निम्मा पिच्चर कळंना."