होडीवरची दुसरी स्वयंपाकीण

एफेमियाला होडीवर सगळे मनांग फेमी म्हणत. मनांग म्हणजे थोरली बहीण. तांडेल डेल्फिन तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, पण तोही मनांगच म्हणे, कारण पोटाच्या बाबतीत होडीवर तिच्यावर कुणी नव्हतं. एल निडोहून शीड उभारायचं, लिनापाकानच्या बेटांमधून हिंडत पाचव्या दिवशी कोरोनला नांगर टाकायचा, असे बारा हंगाम तिनं काढले होते. दोन्ही अंगांना तोल सांभाळणाऱ्या बांबूच्या उलांड्या असलेली ती लांबट होडी, मागच्या टोकाला पत्र्याचा आडोसा, त्यात दोन शेगड्या. हे तिचं राज्य.

पाहुणे म्हणजे पाठीवर बोचकी घेऊन जगभर भटकणारी पोरंपोरी. पहिल्या दिवशी ती एकमेकांची नावंही विसरत आणि पाचव्या दिवशी एकमेकांच्या गळ्यात पडून रडत. त्या रडण्यात फेमीचा वाटा असे. धक्क्यावर उतरताना एकेक जण तिला मिठी मारी. एका पोलिश मुलीनं तर स्वतःच्या हातातलं चांदीचं कडं काढून तिच्या हातात घातलं होतं. फेमी मासे साफ करतानासुद्धा ते उतरवत नसे. लिनापाकानच्या एका लहानशा बेटावर ती जन्मली, चौथीनंतर शाळा सुटली, नवरा गेल्यावर दोन मुलींना तिनं एकटीनं वाढवलं, आणि या सगळ्यात तिचं कौतुक करायला कुणाला सवड झाली नव्हती. ते कौतुक तिला इथं, चाळिशी उलटल्यावर, परक्या पोरांकडून मिळालं.

यंदा पाहुणे वाढले, तेव्हा मदतीला कुणीतरी द्या असं तिनंच मालकाला सांगितलं. मालकानं नॉरलिताला पाठवलं.

नॉरलिता तिची मावसबहीण. वीस वर्षांपूर्वी त्यांची एक मावशी दोघींपैकी एकीला हाँगकाँगला घरकामाला नेणार होती. तिनं दोघींना समोर बसवून चार प्रश्न विचारले. नॉरलितानं पटापट उत्तरं दिली, फेमी खाली बघत राहिली. नॉरलिता गेली. आता ती परत आली होती ती कापलेले केस, फाडफाड इंग्रजी आणि गोड गळा घेऊन.

"मनांग, मी तुझ्या हाताखाली. तू सांगशील ते करीन," ती पहिल्याच दिवशी म्हणाली.

"कांदे चीर," फेमी म्हणाली.

नॉरलितानं कांदे चिरले. पण चिरताना तिनं उंच डच पोराला, योस्टला, गप्पांत ओढलं. मग कातालिना नावाची चिलीची मुलगी येऊन बसली, मग आणखी दोघं. तासाभरात पत्र्याच्या आडोशाभोवती पाहुण्यांचा घोळका. बारा वर्षांत फेमीच्या शेगडीजवळ कुणी असं बसलं नव्हतं. ती आपली हसून वाढायची, तिला इंग्रजी बोलायला जमत नसे. समजायचं मात्र बरंच.

दुपारी तिनं नेहमीसारखा सुरमईचा किनिलाव केला. कच्च्या माशाचे तुकडे, ताडीचा शिरका, आलं, कांदा, कलमान्सी नावाच्या इवल्या लिंबाचा रस. नॉरलितानं चव घेतली आणि न विचारता त्यात नारळाचं दाट दूध ओतलं, वर पिकलेला आंबा चिरून टाकला.

"हाँगकाँगला असाच करून घालत होतीस का तुझ्या मॅडमला?" फेमीनं विचारलं.

"मॅडम कच्चा मासा बघून पळाली असती," नॉरलिता हसली. "हे मी मनानंच केलं."

भांडं पुसून खाल्लं गेलं. योस्टनं बोटं चाटली आणि म्हणाला की नॉरलिताच्या हातचं असंच मिळणार असेल तर तो कोरोनला उतरणारच नाही. मासा फेमीनं आणला होता, कापला होता, मुरवला होता. तिनं भांडं इतक्या जोरात विसळलं की डेल्फिन सुकाणूवरून ओरडला, "मनांग, भात करपला का गं? कसलातरी जळका वास येतोय."

"तुझं नाक जळलंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नॉरलितानं गाणी म्हटली, मुलींच्या वेण्या घातल्या, कुणाच्या पायात समुद्री काटा घुसला तर तो तिनंच काढला. फेमी बघत होती. कुणी "नॉरलिता" अशी हाक मारली की तीच आधी मान वर करून बघे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नॉरलिता कामचुकार नव्हती, उद्धट नव्हती. बोट ठेवायला जागाच नव्हती. रागाला कारण असतं तर निदान तोंडानं बोलता तरी आलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी एका निर्मनुष्य बेटाशी नांगर टाकला. शिडाची एक शिवण उसवली होती. डेल्फिन ते वाळूवर पसरून सुई-दोरा घेऊन बसला. बेटापासून समोरच्या खडकापर्यंत वाळूचा लांब दांडा उघडा पडला होता. त्यावर जेमतेम घोट्याएवढं पाणी.

नॉरलिता फेमीकडे आली. मागे योस्ट, कातालिना आणि आणखी तिघं.

"मनांग, यांना त्या खडकापर्यंत फिरवून आणू का? पाणी तर काहीच नाही."

फेमी वाळूवर बसून माशांचे खवले काढत होती. अमावस्या परवाच होऊन गेली होती. अशा दिवसांत इथं भरती दोन्ही बाजूंनी एकदम येते, अर्ध्या पाऊण तासात कमरेला लागते, आणि दांड्याच्या मधल्या खिंडीतून बाहेर ओढते. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. नॉरलिताचं लहानपण एल निडोच्या बाजारात गेलेलं.

"तुला सगळं येतंच," फेमी खाली बघून म्हणाली. "मला कशाला विचारतेस?"

नॉरलिता क्षणभर थांबली आणि मग गेली.

फेमीच्या मनात एवढंच होतं की त्यांचे कपडे भिजावेत, पोरांची थोडी घाबरगुंडी उडावी आणि नॉरलितानं मान खाली घालून परत यावं. तिनं एकामागून एक टोपलीभर मासे साफ केले. शेवटचा हातात घेतला तेव्हा दांड्याचा रंग बदलला होता. माणसं खडकावर पोचून परत फिरली होती, पण ती अजून अर्ध्यावर होती आणि पाणी गुडघ्यांवर होतं. आता हाक मारायला हवी, असं तिला वाटलं. तिनं मारली नाही. आणखी थोडं, असं वाटलं.

मग तिची नजर वाळूकडे गेली. तिथं कातालिनाचं नारिंगी जाकीट पडलं होतं. त्या मुलीनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं की तिला पोहता येत नाही. होडीवर बसतानाही ती ते जाकीट काढत नसे. आज घोट्याएवढ्या पाण्यात काय करायचं म्हणून काढलं असणार.

फेमीनं मासा टाकला आणि धावली. "डेल्फिन, होडकं काढ," एवढंच ती म्हणाली. त्यानं मान वर करून पाणी बघितलं आणि शीड टाकून उठला. दोघांनी होडकं ढकललं. फेमी पुढे बसून वल्हवत होती, जाकीट पायाखाली दाबून धरलेलं.

खिंडीत पाणी छातीला लागलं होतं. बाकीची पोरं एकमेकांना धरून कशीबशी उथळाकडे सरकली होती. योस्ट ओढीत सापडून प्रवाळावर आपटला होता, त्याची मांडी सोलवटून निघाली होती. सगळ्यात मागे नॉरलिता. तिनं पाय वाळूत रोवले होते, कातालिनाला बगलेतून उचलून धरलं होतं आणि तिच्या कानाशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती. फेमीनं हात पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "आधी हिला घे."

किनाऱ्यावर आल्यावर कातालिना फेमीच्या गळ्यात पडली आणि किती तरी वेळ सोडेना. पोरांनी टाळ्या वाजवल्या. "फेमी, फेमी" असा गजर केला. दोन दिवस ती ज्याच्यासाठी जळत होती ते तिला असं भरभरून मिळालं, आणि ती ओल्या कपड्यांत लाकडासारखी उभी राहिली.

डेल्फिननं नॉरलिताला बाजूला घेऊन झापलं. "पाणी बघायचं कळत नाही, तर विचारायला तोंड नव्हतं?"

नॉरलितानं फेमीकडे एकदा पाहिलं. "चूक माझी, दादा," ती म्हणाली.

फेमी शेगडी पेटवायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे पोहायला उतरल्यावर दोघी माकुळ साफ करायला बसल्या. बोटं माकुळाच्या शाईनं काळी झाली होती.

"मला भरतीचं ठाऊक होतं," फेमी म्हणाली.

"मला कळलं ते," नॉरलिता म्हणाली. "तू माझ्याकडे बघितलं नाहीस तेव्हाच थोडं कळलं होतं. पण मीही हट्टानं गेले."

"मग काल बोलली का नाहीस?"

"हाँगकाँगला मॅडमनं दुसरी बाई ठेवली होती. पोरं तिला बिलगायची. मी इस्त्री तापती ठेवून तिच्या नावावर मॅडमचा रेशमी झगा जाळला. तिला काढून टाकलं. मी कुणाला सांगितलं नाही." तिनं माकुळाची शाईची पिशवी ओढून काढली. "पण मी झगा जाळला होता, मनांग. माणूस नाही. मला तुझा राग आलाय आणि तो लवकर जाणार नाही."

"न जाऊ दे," फेमी म्हणाली. हात न धुताच ती उठली, सुकाणूपाशी गेली आणि डेल्फिनला सगळं सांगितलं.

"बारा वर्षं मी तुझ्या भरवशावर पोरं पाण्यात सोडली," तो म्हणाला. पुढे तो तिला टाकून बोलला नाही, पण त्या सबंध हंगामात त्यानं तिची एकदाही थट्टा केली नाही. तिला ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

कोरोनच्या धक्क्यावर पोरं रडली, मिठ्या मारल्या. फेमीनं कातालिनाला बाजूला घेतलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की पाण्यात तिला धरून उभी राहिली ती नॉरलिता. फेमी उशिरा आली. कातालिनाला किती कळलं देव जाणे. तिनं मान डोलावली आणि जाऊन नॉरलिताच्या गळ्यात पडली. ते बघताना फेमीला पुन्हा हेवा वाटला. स्वतः सांगून तिकडे पाठवलं होतं, तरी वाटला.

नॉरलिता त्या होडीवर चार हंगाम राहिली. भांडण मिटलं असं दोघींपैकी कुणी कधी म्हटलं नाही. पण भरती-ओहोटीच्या वेळा फेमी रोज सकाळी तिला मोठ्यानं सांगे, आणि किनिलावात नारळाचं दूध घालायला शिकली. मग नॉरलितानं कोरोनच्या बाजारामागे स्वतःची खानावळ टाकली. अजूनही जुने पाहुणे कधीमधी परत येतात, होडीवर पाय ठेवतात आणि आधी विचारतात, "नॉरलिता कुठं आहे?"

फेमीच्या मनात तेव्हा पहिल्यांदा काय येतं ते तिलाच माहीत. पण पत्ता ती नीट सांगते. बाजाराच्या मागची दुसरी गल्ली, निळं दार. दुपारी लवकर जा, नंतर मासा संपतो.