संत्र्याच्या चित्राची बाटली

ओवीच्या तोंडाला गुलाबाचा वास येत होता. अडीच वर्षांची पोर. मोरीजवळ फतकल मारून बसली होती, फ्रॉक पुढून ओला, मांडीत संत्र्याच्या सरबताची बाटली. मी उचललं तर म्हणाली, "गोड नाही."

बेसा भागातल्या एका पाळणाघरात मी काम करते. घर काकूंचं, पाळणाघरही त्यांचंच. मुलांना भरवणं, निजवणं आणि फरशी पुसणं माझ्याकडे. फिनाईल आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड आम्ही दारावर येणाऱ्या गाडीवालीकडून सुटं घेतो. आपली बाटली न्यायची, ती भरून देते. दोन्हींत ती तोच गुलाबाचा वास आणि तोच रंग टाकते. काकूंकडे सरबताच्या रिकाम्या बाटल्या पुष्कळ. आदल्या दिवशी त्यांनी दोन भरून आणल्या होत्या, एकीत फिनाईल, एकीत अ‍ॅसिड. दुपारी मुलांना सरबतही तशाच बाटलीतून मिळतं. ओवीचं काही चुकलं नव्हतं.

काकू धावत आल्या. "मिठाचं पाणी पाज तिले. उलटी होऊ दे." बोलता बोलता त्यांनी पेल्यात मीठ टाकलंही. त्यांच्या माहेरी असंच करायचे.

फ्रिजवर, गॅसच्या नंबरखाली, विषबाधेच्या हेल्पलाईनचा नंबर चिकटवलेला होता. मुलांच्या डॉक्टरांनी दिलेला. कोणी नको ते गिळलं तर तिथे फोन करायचा. तिकडे डॉक्टर असतात, काय करायचं ते सांगतात. काकूंनी फोन लावला, पण त्यांना बोलता येईना.

"तू बोल वं शांता. माझ्यानं होत नाही."

मी अनोळखी माणसाशी फोनवर बोलत नाही. घरी फोन वाजला तर मुलीकडे देते. पण काकू रडत होत्या आणि ओवी माझ्या कडेवर होती. बोलले.

पलीकडे एक डॉक्टरबाई होत्या, हिंदीत बोलत होत्या. पहिला प्रश्न बाटलीचा नव्हताच. "बच्ची होश में है? साँस ठीक है?"

"हो जी. मेरी चोटी खींच रही है."

तसं नसतं, झटके येत असते किंवा श्वास अडकत असता, तर फोन ठेवून थेट दवाखाना गाठायचा होता, असं त्या म्हणाल्या. मग विचारलं, वजन किती? ते मला माहीत नव्हतं. दहा किलोच्या तांदळाच्या थैलीपेक्षा थोडी जड आहे, दोन्ही मीच उचलते, असं सांगितलं. त्यांनी चाललं म्हटलं. केव्हा प्यायली? आत्ताच. किती? बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती, आता चित्रातल्या संत्र्यापर्यंत होती, पण बरंच फ्रॉकवर सांडलं होतं.

"बोतल पर क्या लिखा है?"

सरबत लिहिलं होतं. तेच सांगितलं. आत फिनाईल किंवा अ‍ॅसिड भरतो, हेही सांगितलं. "फिनाईल है कि अ‍ॅसिड?"

मी काकूंकडे पाहिलं. "कोणती कशाची आहे?"

"मले नाही आठवत वं," काकू म्हणाल्या.

बाईंनी मगभर पाण्यात त्यातलं थोडं टाकून लांबून बघायला सांगितलं. काकूंनी टाकलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं. फिनाईल. अ‍ॅसिडनं पाणी असं होत नाही.

"मीठपाणी देऊ का, विचार," काकू म्हणाल्या.

"बिलकुल नहीं." उलटीबरोबर फिनाईल वर येताना छातीत जाऊ शकतं, आणि खरा धोका तिथेच असतो. तोंड पुसा, ओला फ्रॉक काढा, अंग धुवा, बाटली सोबत घ्या आणि लगेच दवाखान्यात जा, असं त्यांनी सांगितलं.

बाकीची मुलं शेजारच्या वहिनींकडे सोडली. धंतोलीच्या दवाखान्यात जाताना ऑटोत ओवी एकदा खोकली. काकूंनी माझा पदर मुठीत धरला तो दवाखान्यापर्यंत सोडला नाही.

डॉक्टरांनी छाती तपासली, संध्याकाळपर्यंत थांबवून घेतलं. ओवी माझ्या मांडीवर झोपून गेली. तिची आई बँकेतून तशीच आली. काकू उभ्या राहिल्या. "बाटली मी भरली होती गं. शांताचं काही नाही त्यात. फोनवरही तीच बोलली."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "फोनवर तुम्ही बोलल्या? तुमचा आवाज तर मी कधी ऐकलाच नाही."

मी मान हलवली. मला वाटलं, ती आता ओवीला घेईल. तिनं घेतलं नाही, झोपमोड झाली असती. शेजारी बसली आणि ओवीचे पाय तेवढे आपल्या मांडीवर घेतले. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे, घरी न्या.

दोन दिवसांनी आई ओवीला परत सोडायला आली. काकू दारातच उभ्या होत्या, आत या म्हणायचंही विसरल्या.

आता फिनाईल आणि अ‍ॅसिड दोन्ही दुकानातून येतात, आपापल्या नावाच्या बाटलीत, आणि माळ्यावर राहतात. काढताना मला स्टूल लागतं. गाडीवाली विचारते, "काहून घेत नाही आता?" काकू तिला पाणी देतात आणि दुसरंच काही बोलतात.

फोन करताना बाटली हातात हवी, हे त्या दिवशी कळलं. पण बाटलीत काय आहे ते बाटलीवर लिहिलेलं असलं, तर निम्मं काम झालेलं असतं.

ओवी मात्र सरबताचा पेला समोर आला की अजून विचारते, "प्यायचं की पुसायचं?" मग मी आधी एक घोट पिऊन दाखवते. रोज.